धागा : वॉशिंग्टनच्या खोलीतले चौघे

शाईदौत (धागाकर्ती)

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतली अध्यक्षीय पद्धत शिकवायची वेळ आली की 'अध्यक्षाचं मंत्रिमंडळ' हे शब्द फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी तोच घोळ होतो. मुलांच्या डोळ्यांसमोर आपलं मंत्रिमंडळ येतं: निवडून आलेले आमदार-खासदार, सभागृहाला सामुदायिकरीत्या जबाबदार. तिथे यातलं काहीच नाही. अमेरिकेचा मंत्री काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य असूच शकत नाही. आणि मूळ घटनेत 'कॅबिनेट' हा शब्दही नाही. आहे ते एवढंच, की अध्यक्ष प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून त्याच्या कामाबाबत लेखी मत मागवू शकतो.

मग कॅबिनेट आलं कुठून? या प्रश्नाने मला गेले वर्षभर धरून ठेवलंय, म्हणून हा धागा.

१७८९ च्या उन्हाळ्यात पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनकडे सल्लागार असे नव्हतेच. राजधानी न्यूयॉर्कला. घटना म्हणते की करार 'सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने' करायचे. सरळमार्गी माणसाने त्याचा सरळ अर्थ घेतला. २२ ऑगस्टला तो हेन्री नॉक्सला बरोबर घेऊन स्वतः सिनेटमध्ये गेला. दक्षिणेतल्या मूलनिवासी जमातींशी करायच्या वाटाघाटींबद्दल प्रश्न लिहून नेले होते. उपाध्यक्ष अ‍ॅडम्स ते वाचू लागला, तर बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या खडखडाटात कुणाला धड ऐकू येईना. पुन्हा वाचायला लागलं. मग सिनेटर म्हणाले, कागद आधी बघू, समितीकडे देऊ. वॉशिंग्टन संतापून उठला आणि म्हणाला की मी इथे येण्याचा सगळा हेतूच यामुळे फसला. हे सगळं पेनसिल्व्हेनियाच्या मॅक्ले या सिनेटरने रोजनिशीत लिहून ठेवलंय. सोमवारी तो परत आला, काम उरकून गेला. सल्ला घ्यायला म्हणून पुन्हा सिनेटची पायरी चढला नाही.

पुढे खाती उभी राहिली. युद्धखातं नॉक्सकडे. हा बोस्टनचा पुस्तकविक्रेता. १७७५-७६ च्या कडक हिवाळ्यात टायकोंडेरोगाच्या किल्ल्यातून तोफा बर्फावरून ओढत बोस्टनला आणणारा. तिजोरी अलेक्झांडर हॅमिल्टनकडे, जेमतेम तिशीतला. परराष्ट्र खातं थॉमस जेफरसनकडे. तो फ्रान्सहून परतला आणि १७९० च्या मार्चमध्ये रुजू झाला. चौथा एडमंड रँडॉल्फ, अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य कायदा सल्लागार. त्याच्याकडे ना खातं, ना कचेरी. परराष्ट्र आणि अर्थ खात्याच्या प्रमुखांना वर्षाला ३५०० डॉलर, नॉक्सला ३०००, आणि रँडॉल्फला १५००, कारण उरलेलं त्याने वकिली करून मिळवावं अशी अपेक्षा!

सुरुवातीला वॉशिंग्टन एकेकाला बोलवायचा, नाहीतर चिठ्ठी पाठवायचा. चौघांना एकत्र बसवून घेतलेली पहिली पूर्ण बैठक २६ नोव्हेंबर १७९१ ला फिलाडेल्फियात झाली (राजधानी तोवर तिथे हलली होती). म्हणजे शपथ घेतल्यापासून तब्बल अडीच वर्षांनी. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं तेव्हा याच बैठका आठवड्यातून अनेकदा होऊ लागल्या.

माझं म्हणणं एका वाक्यात: कॅबिनेट कुणी आखलं नाही. वॉशिंग्टनला विचारायला कुणी उरलं नाही म्हणून ते उगवलं, आणि ते टिकलं ते त्याच्या एका सवयीमुळे. एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांना जवळ ठेवायचं आणि त्यांचे मतभेद कागदावर मागायचे.

त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे राष्ट्रीय बँक. फेब्रुवारी १७९१. हॅमिल्टनच्या बँकेचं विधेयक काँग्रेसने मंजूर करून सहीला पाठवलं. सहीसाठी रविवार सोडून दहा दिवस. वॉशिंग्टनने रँडॉल्फला विचारलं. तो म्हणाला घटनाबाह्य. जेफरसनला विचारलं, तोही म्हणाला घटनाबाह्य, घटनेत 'आवश्यक' म्हटलंय, 'सोयीचं' नाही. मग वॉशिंग्टनने काय केलं? ती दोन्ही मतं जशीच्या तशी हॅमिल्टनकडे पाठवली आणि म्हटलं, उत्तर दे. दुसरीकडे काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसनकडून नकाराचा मसुदाही करून घेतला, म्हणजे वेळ आली तर हाताशी असावा. हॅमिल्टनने सुमारे १५,००० शब्दांचं उत्तर लिहिलं. ते २३ तारखेला पोचलं. २५ ला सही झाली.

हे मी मुलांना वाचून दाखवते तेव्हा वर्गात चिडीचूप शांतता असते. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

---

ताळेबंद

सुंदर धागा. बँकेबद्दल लिहिलंत, पण त्याआधीचा कर्जाचा प्रश्न वगळू नका, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे.

हॅमिल्टनने जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसला अहवाल दिला तेव्हा देशावर परकीय कर्ज सुमारे १.१७ कोटी डॉलर, देशांतर्गत सुमारे ४ कोटी, आणि शिवाय राज्यांचं मिळून अंदाजे २.५ कोटी. त्याचं म्हणणं होतं की राज्यांचं कर्जही केंद्राने डोक्यावर घ्यावं. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे मला यातली चाल लगेच भावते. ज्यांचे पैसे अडकलेत ते सगळे सावकार मग एकाच सरकारच्या टिकण्यात आपलं हित बघू लागतात. उलट व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंच कर्ज आधीच फेडलं होतं. दुसऱ्याचं आम्ही का भरायचं, हा त्यांचा प्रश्नही रास्तच.

हा तिढा जूनमध्ये जेफरसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर सुटला. हॅमिल्टन, मॅडिसन आणि यजमान. कर्जाला दक्षिणेचा विरोध सौम्य होईल, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीवर येईल. जुलैत राजधानीचा कायदा झाला, ऑगस्टमध्ये कर्जाचा. आजचं वॉशिंग्टन शहर त्या जेवणातून आलंय. जेफरसन पुढे कायम म्हणत राहिला की हॅमिल्टनने मला हातचं बाहुलं केलं. मला ते पटत नाही. फ्रान्समध्ये राहून कर्जवसुलीच्या वाटाघाटी पाहिलेला माणूस इतका अजाण नसतो.

---

आडवाट

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. न पटणारी माणसं जवळ ठेवणं हे दुरून छान दिसतं. त्या खोलीत बसणाऱ्यांना ते कसं वाटलं, ते जेफरसननेच १८१० च्या एका पत्रात लिहिलंय: हॅमिल्टन आणि मी रोज झुंजीच्या कोंबड्यांसारखे समोरासमोर सोडले जायचो.

आणि झुंज खोलीपुरती राहिली नाही. जेफरसनने फिलिप फ्रेनो या कवीला परराष्ट्र खात्यात अनुवादक म्हणून वर्षाला २५० डॉलरवर नेमलं, आणि त्याच फ्रेनोने 'नॅशनल गॅझेट' काढून त्याच सरकारवर आसूड ओढायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूला जॉन फेनोच्या वर्तमानपत्राला अर्थखात्याचं छपाईचं काम मिळायचं आणि त्यात हॅमिल्टन टोपणनावांनी जेफरसनवर लिहायचा. एकाच सरकारचे दोन मंत्री सरकारी पैशाच्या आधाराने एकमेकांना छापून झोडपत होते. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना तीन दिवसांच्या अंतराने पत्रं लिहिली. बाहेर शत्रू असताना आतल्या आत आपण एकमेकांचे लचके का तोडतो आहोत, असा त्यांचा रोख. दोघांची उत्तरं एकाच तारखेची, ९ सप्टेंबर. दोघेही म्हणाले, सुरुवात त्याने केली.

याला पद्धतीचं यश कसं म्हणायचं? साठीला आलेल्या थकलेल्या माणसाला दोन हुशार मंत्र्यांची पंचाईत मिटवत बसावं लागलं.

---

शाईदौत

आडवाट, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. ती पत्रं वाचताना मलाही वॉशिंग्टनची कीव आली होती. पण त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट बघा. वॉशिंग्टनला एका मुदतीनंतर घरी जायचं होतं. निरोपाचं भाषणही लिहून घ्यायला सुरुवात केली होती. त्याला थांबवायला हे दोघेही धावले. जेफरसनने लिहिलं की धरून राहायला तुम्ही असाल तर उत्तर आणि दक्षिण एकत्र राहतील. हॅमिल्टननेही थांबण्याचीच विनवणी केली. एवढ्या वैरात या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

---

कलम_आणि_कायदा

मी वकिली करतो, म्हणून एक भर. सिनेट झाल्यावर वॉशिंग्टनने आणखी एक दार ठोठावून पाहिलं होतं: सर्वोच्च न्यायालयाचं.

१७९३ चा एप्रिल. फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारल्याची बातमी आली. फ्रान्सशी अमेरिकेचा १७७८ चा करार. वॉशिंग्टन माउंट व्हर्ननच्या आपल्या घरून तातडीने आला आणि १८ एप्रिलला चौघांना १३ प्रश्न लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी बैठक. २२ तारखेला घोषणा निघाली. मसुदा रँडॉल्फचा, आणि त्यात 'तटस्थता' हा शब्द मुद्दाम टाळलेला, कारण जेफरसनचा त्याला आक्षेप होता. हे झालं, पण मग फ्रान्सचा नवा राजदूत जने येऊन अमेरिकेच्या बंदरांतून खासगी लढाऊ जहाजं सोडू लागला. पकडलेलं जहाज कुणाचं, बंदरात तोफा चढवू द्यायच्या का, असे कायद्याचे प्रश्न रोज उभे. कॅबिनेटने २९ प्रश्नांची यादी करून जुलैमध्ये न्यायाधीशांचं मत मागितलं.

८ ऑगस्टला सरन्यायाधीश जॉन जे आणि सहकाऱ्यांनी नम्रपणे नकार दिला. कारण काय दिलं बघा: घटनेने अध्यक्षाला मत मागायचा अधिकार दिलाय तो खातेप्रमुखांकडून, आणि तो जाणूनबुजून कार्यकारी खात्यांपुरता ठेवलाय. म्हणजे तुम्ही धाग्यात उद्धृत केलेलं तेच कलम! तेव्हापासून तिथलं केंद्रीय न्यायालय सल्ला देत नाही, खटला आणा म्हणतं.

आपल्याकडे याच्या उलट. राज्यघटनेच्या कलम १४३ नुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवू शकतात. आणि ज्या मंत्रिपरिषदेचा तिथे उल्लेखच नव्हता, ती आपल्याकडे कलम ७४ मध्ये लिहूनच ठेवली आहे. विद्यार्थ्यांना ही दोन कलमं आणि १७९३ चं ते पत्र शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. घोळ होणार नाही.

---

शाईदौत

हे सोन्यासारखं आहे. पुढच्याच तासाला वापरते. मनापासून आभार.

---

गवतफुला

हॅमिल्टन-जेफरसन सगळ्यांना माहीत असतात. नॉक्सबद्दल कुणी काही लिहील का? तो नुसता हॅमिल्टनच्या मागे मान डोलावणारा होता असं वाचलंय.

---

किल्लेदार

गवतफुला, ते चित्र मुख्यतः जेफरसनच्या टिपणांमधून आलंय, आणि जेफरसन त्या खोलीत तटस्थ नव्हता. नॉक्स आणि हॅमिल्टन दोघेही फेडरल, म्हणजे मजबूत केंद्र सरकार हवं असणाऱ्या बाजूचे, त्यामुळे नॉक्सचं मत बहुधा हॅमिल्टनकडे जायचं हे खरं.

पण एका विषयात नॉक्सचं स्वतःचं ठाम म्हणणं होतं. मूलनिवासींचा कारभार युद्धखात्याकडे होता. १७८९ मध्येच त्याने वॉशिंग्टनला लिहिलं की हे लोक इथले आधीचे रहिवासी आहेत, जमिनीवर त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या संमतीवाचून किंवा न्याय्य युद्धातल्या विजयावाचून ती घेता येणार नाही. १७९० मध्ये क्रीक जमातीचा प्रमुख मॅकगिलिव्रे न्यूयॉर्कला आला आणि करार झाला, तो याच धोरणातून. पण सीमेवरचे वसाहतवाले कागदाला जुमानत नव्हते. ४ नोव्हेंबर १७९१ ला ओहायोच्या प्रदेशात सेंट क्लेअरच्या सैन्याचा मूलनिवासींनी धुव्वा उडवला. सहाशेहून अधिक सैनिक मेले. निकृष्ट सामान, प्रशिक्षणच नसलेले नवे शिपाई, या सगळ्याचा ठपका नॉक्सच्या खात्यावर आला.

याच पराभवातून कॅबिनेटचा एक मोठा निर्णय निघाला. चौकशीसाठी काँग्रेसच्या समितीने कागद मागितले. द्यायचे का? १७९२ च्या वसंतात चौघे बसले आणि एकमताने म्हणाले: देशाला अपाय होईल असे कागद अध्यक्ष रोखू शकतो, पण हे कागद तसे नाहीत, देऊन टाका. आपल्याच सहकाऱ्याला अडचणीत आणणारे कागद होते ते.

---

डेलावेअरकाठ

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. तुम्ही सगळे ज्या घराबद्दल लिहिताय ते मार्केट स्ट्रीटवरचं अध्यक्षांचं घर आता उभं नाही. सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, लिबर्टी बेलच्या दाराशी, २००७ मध्ये तिथे खोदकाम झालं. २०१० मध्ये स्मारक खुलं झालं. काचेखाली पाया दिसतो. एका दगडी भिंतीवर नऊ नावं कोरली आहेत: ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्टोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओना जज, मॉल आणि जो. वॉशिंग्टनच्या घरात राबणारे गुलाम. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते.

शाईदौतताई, तुमचा धागा मनापासून आवडला, पण लेखी सल्ल्याची ही दुसरी बाजूही याच खोलीतली आहे म्हणून लिहिते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत असे. काँग्रेसच्या सदस्यांना यातून सूट होती, अध्यक्षाला नव्हती. १७९१ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल रँडॉल्फच्या स्वतःच्या गुलामांनी त्याला सांगितलं की आम्ही हा हक्क बजावणार. तेव्हा रँडॉल्फने अध्यक्षांच्या घरी जाऊन सावध केलं. वॉशिंग्टन दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. त्याने सचिव लीअरला १२ एप्रिलला उत्तर लिहिलं की या माणसांना मुदत भरायच्या आत परत पाठवा, आणि ते अशा निमित्ताने करा की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही.

पुढे १७९६ च्या मे महिन्यात ओना जज याच घरातून निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पोर्ट्समथला पोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणायला कुणाला लिहिलं? अर्थमंत्री वुल्कॉटला. कारण बंदरावरचा जकात अधिकारी त्याच्या हाताखालचा. ती परत गेली नाही. १८४८ मध्ये वारली, पकडली न जाता.

---

ताळेबंद

ही माहिती मला नव्हती. हॅमिल्टनने उभं केलेलं जकात खातं इतकी वर्षं मी कौतुकाने वाचत आलो. आज ते वेगळ्या नजरेने वाचावं लागेल.

---

शाईदौत

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. वर्गात मी बँकेचं उदाहरण सांगते, ते सांगेनच. पण आता त्याच महिन्यांतलं हे पत्रही सांगेन. दोन्ही घटना १७९१ च्या, फेब्रुवारी आणि एप्रिल. एकात चार बाजूंनी मत मागवलं, दुसऱ्यात ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्यांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं.

---

आडवाट

रँडॉल्फचं नाव पुन्हापुन्हा येतंय. त्याचा शेवट कुणी सांगेल का? जेफरसन त्याच्याबद्दल म्हणायचा की कालवाचा गर एका पक्षाला देतो आणि शिंपला दुसऱ्याला, एवढंच मला ठाऊक आहे.

---

शाईदौत

हो, आणि तक्रार अशी की शिंपला नेहमी आमच्या वाट्याला! सांगते, कारण माझ्या मूळ म्हणण्याची खरी कसोटी इथेच आहे.

१७९३ च्या अखेरीस जेफरसन गेला. रँडॉल्फ परराष्ट्रमंत्री झाला. १७९४ संपता संपता नॉक्स गेला, जानेवारी १७९५ अखेर हॅमिल्टनही. त्यांच्या जागी टिमथी पिकरिंग आणि ऑलिव्हर वुल्कॉट आले, दोघेही हॅमिल्टनच्या बाजूचे. जुन्या चौघांपैकी रँडॉल्फ एकटा उरला. तेव्हा ब्रिटनशी जॉन जे याने केलेल्या करारावर वाद पेटला होता. रँडॉल्फचा सल्ला होता की ब्रिटिश आपली धान्याची जहाजं अडवतायत तोवर सही करू नका, आणि वॉशिंग्टनचा कलही तिकडेच होता.

इतक्यात ब्रिटिश नौदलाने एक फ्रेंच जहाज पकडलं. त्यात फ्रेंच राजदूत फोशेचं ३१ ऑक्टोबर १७९४ चं गोपनीय पत्र सापडलं. रँडॉल्फने पैसे मागितले असा अर्थ त्यातून काढता येत होता. ब्रिटिशांनी ते वुल्कॉटला दिलं, पिकरिंगने कच्च्या फ्रेंचच्या बळावर भाषांतर केलं. पिकरिंगने वॉशिंग्टनला लिहिलं, एका खास कारणासाठी परत या. तो ११ ऑगस्टला आला, पत्र वाचलं, आणि आठवडाभर रँडॉल्फला काही कळू दिलं नाही. १८ तारखेला करारावर सही केली. १९ ला पिकरिंग आणि वुल्कॉट समोर बसलेले असताना ते पत्र रँडॉल्फच्या हातात ठेवलं: वाचा, आणि काय खुलासा करायचा तो करा. रँडॉल्फने त्याच दिवशी राजीनामा दिला.

त्याने लाच घेतली नव्हती असंच आज बहुतेक अभ्यासक मानतात. बोलघेवडेपणा होता, तोल सुटला होता, पण पैसे नाहीत. मला टोचतं ते वेगळंच. बँकेच्या वेळी आरोपांचे कागद समोरच्याला आधी मिळाले होते, उत्तराला वेळ मिळाला होता. या वेळी मिळाला नाही. आणि बाजू मांडायला त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतंही. जेफरसन किंवा हॅमिल्टन असता तर किमान भाषांतर तरी नीट करून घ्या म्हणाला असता, असं मला वाटतं.

रँडॉल्फ फोशेला गाठायला न्यूपोर्टला धावला. निर्दोष असल्याचं पत्र त्याच्याकडून मिळवलंही, पण फोशे जहाज धरून निघून गेल्यावर ते हाती आलं. मग त्याने स्वतःच्या बचावाची पुस्तिका छापायची ठरवली आणि वॉशिंग्टनकडे कागद मागितले. वॉशिंग्टनने कळवलं की मी तुम्हाला आजवर लिहिलेलं कोणतंही खासगी, गोपनीय पत्र हवं तर खुशाल छापा.

---

किल्लेदार

आणि त्यानंतर परराष्ट्रमंत्रिपद घ्यायला माणूस मिळेना, हेही जोडा. पॅट्रिक हेन्रीसह पाच जणांनी नकार दिला, मग पिकरिंगलाच द्यावं लागलं. तेच पिकरिंग, वुल्कॉट आणि नंतर आलेला मॅकहेन्री, सगळे पुढे अध्यक्ष झालेल्या अ‍ॅडम्सच्या गळ्यात पडले. बसायचे अ‍ॅडम्सच्या खोलीत, सल्ला विचारायचे न्यूयॉर्कच्या हॅमिल्टनला. मे १८०० मध्ये अ‍ॅडम्सने मॅकहेन्रीचा राजीनामा घेतला आणि पिकरिंगला बडतर्फ केलं.

---

गवतफुला

रँडॉल्फ पुढे काय करत होता?

---

शाईदौत

वकिली, व्हर्जिनियात. परराष्ट्र खात्याच्या हिशेबात मेळ न बसलेले सुमारे ४९ हजार डॉलर सरकारने त्याच्यावर वैयक्तिक लावले, कारण तेव्हा खात्याच्या पैशाला मंत्री स्वतः जबाबदार असे. ते फेडण्यात त्याची पुढची कित्येक वर्षं गेली. १८०७ मध्ये रिचमंडला देशद्रोहाच्या खटल्यात एरन बरच्या बचावासाठी तो उभा होता. बर म्हणजे ज्याच्या गोळीने हॅमिल्टन गेला तो, आणि खटल्यामागे लागलेला अध्यक्ष होता जेफरसन. बर सुटला.